दौंड-शिरूरचा समुद्र

निसर्गचित्रांचे स्थानिक प्रदर्शन हा पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात दिवाळीनंतर उद्भवणारा आणि उन्हाचा चटका लागला की आपोआप ओसरणारा प्रकार आहे. शिरूर आणि दौंड ही त्याची दोन ठळक केंद्रे. शिरूर घोडनदीच्या काठी आहे, इतके काठी की जुनी माणसे गावालाच घोडनदी म्हणतात. दौंड भीमेच्या काठी आहे. दोन्ही गावांपासून अरबी समुद्र सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून अधिक दूर असून मध्ये सह्याद्री आडवा पडलेला आहे. तरीही प्रदर्शनाच्या दालनात शिरताच डाव्या हाताला जे पहिले चित्र दिसते ते समुद्राचे असते. उजव्या हाताला दुसरा समुद्र असतो. समोरच्या भिंतीवर वयोगटानुसार आणखी सातआठ समुद्र लावलेले असतात आणि त्यांच्यामधून वाट काढत प्रेक्षक चहाच्या टेबलापर्यंत पोहोचतो.

या समुद्राची घटना ठरलेली आहे. एका बाजूने वाकलेले नारळाचे झाड, पाण्यात एक होडी, होडीत कोणीही नाही, आणि क्षितिजावर अर्धा बुडालेला लालभडक सूर्य. आकाशात पक्षी असतात. ते मराठी ४ च्या आकड्यासारखे काढण्याची पद्धत आहे, त्यामुळे लांबून पाहिल्यास आभाळात कोणीतरी चाराचा पाढा अर्धवट सोडून गेल्याचा भास होतो. समुद्र नसेल तर दोन त्रिकोणी डोंगर आणि त्यांच्या फटीतून उगवणारा सूर्य हा पर्याय उपलब्ध आहे. दौंडचा परिसर पर्जन्यछायेतला आणि बराचसा सपाट असल्याने तो सूर्य तिथे कोणाच्याही पाहण्यात आलेला नाही. भूगोलाची आणखी एक अडचण आहे. दौंडवरून वाहणारे पाणी समुद्राला मिळते हे खरे, पण ते अरबी समुद्राला नव्हे. घोडनदी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे या दोन गावांचा ज्या समुद्राशी काही नातेसंबंध आहे, त्यात सूर्य मावळत नाही, उगवतो. चित्रकारांनी ही बाब आजवर मनावर घेतलेली नाही.

रंगपेटीवरही याचा परिणाम होतो. अल्ट्रामरीन ब्लूची ट्यूब सर्वांत आधी संपते; शेवटच्या समुद्रासाठी ती मधोमध कापून आतून ब्रश फिरवावा लागतो. याउलट भीमेचे पाणी रंगवायला ज्यांची गरज पडेल त्या यलो ऑकर आणि बर्न्ट अंबरच्या ट्यूबा झाकणे चिकटून वाळून जातात आणि पुढच्या वर्षी पकडीने उघडाव्या लागतात. वास्तविक अलिबागच्या किनाऱ्यावरचे पाणीही बरेचसे गढूळच असते, तेव्हा ऑकर वापरला असता तर समुद्र जास्त खरा झाला असता. पण गढूळच पाणी काढायचे तर भीमा काय वाईट होती, असा प्रश्न मग उभा राहिला असता. तो टाळण्यासाठी समुद्र निळा ठेवतात.

डोळ्यांसमोरची नदी सोडून न पाहिलेला समुद्र का काढतात, याचे कारण कलेत नसून महसुलात आहे. नदीकाठी स्टँड उभा करून, बोर्डावर कागद लावून, एक डोळा मिटून पेन्सिल समोर धरणारा इसम दिसला की पंचक्रोशीत त्याचा एकच अर्थ होतो.

“मोजणी आली का?”

“नाही हो, चित्र काढतोय.”

“बरं बरं. रस्ता कुणाच्या रानातून जाणारे मग?”

दहा मिनिटांत पाठीमागे सातआठ माणसे, दोन मोटारसायकली आणि एक शेळी जमते. चित्रकार उसाचा हिरवा भरत असतो आणि मागून सूचना येत असतात. चिंच राहिली. विहीर घ्या. मोटारीची पेटी दाखवा, परवाच बसवलीये. इथपर्यंत ठीक असते. पुढे चित्रकार अनवधानाने दोन रानांमध्ये एक तपकिरी रेघ ओढतो, आणि मग कोणीतरी पुढे वाकते.

“हा बांध एवढा अलीकडं कसा?”

“अंदाजे आहे तो.”

“अंदाजे कसा? केस चालूय त्याची. शेजाऱ्यानं किती दिले तुम्हाला?”

अशा चित्रांपैकी काही पुढे फ्रेमपर्यंत पोहोचतात, पण भिंतीवर त्यांचे हाल संपत नाहीत. गावाचे चित्र दिसले की प्रत्येक प्रेक्षक त्यात आपले घर शोधतो आणि सापडले नाही की चित्रकाराला शोधतो. पाण्याची टाकी दिसते, टाकीशेजारचे घर दिसत नाही, यामागे राजकारण असल्याचे मानले जाते. दौंडला तर रेल्वेचे चित्र काढणे हे वेगळेच धाडस आहे. दौंड–मनमाड मार्ग १८७८ सालचा; तेव्हापासून गावात रेल्वेतून निवृत्त झालेली माणसे साठत आली आहेत. भीमेवरचा पूल, सकाळचे धुके, त्यातून येणारी गाडी असे चित्र लावले की ती एकेक करून येतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि सांगतात की सिग्नल चुकीच्या बाजूला आहे, या डब्यांना हे इंजिन लागत नाही, आणि हिरवा असताना गाडी उभी का.

समुद्राला सातबारा नसतो. त्यात कोणाचा बांध नसतो, कोणाची टाकी नसते, आणि होडी रिकामी असल्याने तीत आपल्या भावकीतला माणूस घेतला नाही असेही कोणाला म्हणता येत नाही. शिरूर-दौंडमधल्या सागरप्रेमाचा उगम इथे आहे.

याविरुद्ध उदाहरणे आहेत, पण ती लांबची आहेत. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून गावी परतले आणि कोटितीर्थ, रंकाळा अशी जवळचीच पाणवठ्याची ठिकाणे पुन्हा पुन्हा काढत राहिले. फ्रान्सच्या क्लोद मोनेने तर आयुष्याची अखेरची तीसेक वर्षे स्वतःच्या बागेतल्या तळ्यावर आणि त्यातल्या कमळांवर घालवली. त्या एका तळ्याची त्याची सुमारे अडीचशे चित्रे आहेत. भीमेवरही हिवाळ्यात मैलभर जलपर्णी पसरते. तिला जांभळी, देखणी फुले येतात आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात नदी अंगावर शालू घेतल्याप्रमाणे दिसते. परंतु तिच्या वाट्याला मोने येत नाही, जेसीबी येतो.

पशुपक्ष्यांच्या चित्रांना दालनात वेगळा कोपरा असतो. त्यात मोर अनिवार्य. शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली मोरांसाठी प्रसिद्ध असल्याने तालुक्याचा अभिमान म्हणून दरवर्षी चारपाच मोर येतात, आणि सगळे पूर्ण पिसारा फुलवून. पिसारा मिटलेला मोर बक्षिसाला पात्र ठरल्याचे ऐकिवात नाही. एखादा चिंचोलीकडचा शेतकरी तालुक्याच्या कामाला आलेला असतो, ऊन लागते म्हणून आत शिरतो आणि मोरासमोर बराच वेळ थांबतो. चित्रकार आशेने जवळ जातो.

“कधी काढला हा?”

“आत्ताच, दिवाळीच्या सुट्टीत.”

“समोर बसून?”

“हो तर.”

“दिवाळीत मोराला पिसारा कुठला आणलाय? पाऊस सरला की गळतो. आमच्या अंगणात रोज येत्यात की.”

“हा कल्पनेतला आहे,” असे सांगून चित्रकार चहाकडे वळतो.

रोहित पक्ष्यांची गत याहून वाईट आहे. दौंडच्या पुढे भिगवणजवळ उजनी धरणाचा फुगवटा आहे. तिथे कुंभारगावच्या काठाला हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, कुरव येतात, मच्छीमार पर्यटकांना होडीतून फिरवतात आणि काठावरच्या खाणावळीत ताजी चिलापी मिळते. अर्थात होडी, जाळे, मासळी आणि समुद्रपक्षी एवढे सगळे एका सकाळच्या अंतरावर हजर आहे; खारट पाणी तेवढे नाही. तरी रोहितही मोबाइलवरूनच काढतात, आणि जोडीने, दोघांच्या मानांचा मिळून बदामाचा आकार करून. प्रत्यक्षात हा पक्षी दिवसाचा बराच वेळ डोके खाली घालून आणि चोच उलटी धरून चिखल गाळत असतो. तसे काढले तर लोक विचारतात, याचे तोंड कुठे गेले? मग बदामच बरा.

चित्रांचा पुरवठा मुख्यतः शाळांमधून होतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा हा त्याचा कणा. या परीक्षांच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून घराघरांत कलेची जाण एकाएकी वाढली आहे. स्मरणचित्राच्या पेपरात विद्यार्थ्याने पाहिलेला प्रसंग आठवून काढायचा असतो. बहुतेकांना आठवतो तो गाइडमधला. लहान गटात पालकांचा सहभाग ओळखण्याची खूण म्हणजे सावली. दुसरीतल्या मुलाच्या होडीची सावली पाण्यात बरोबर पडली असेल तर परीक्षक खाली वाकून चौकशी करतात.

“बाळ, हे तू काढलंस?”

“हो.”

“ही होडीसुद्धा?”

“होडी पप्पांनी.”

“आणि समुद्र?”

“तो मम्मीनं. मी झेंडा काढलावता, पण मम्मीनं त्याचा नारळ केला.”

या पुरवठ्यात काही प्रौढ हौशी कलावंतांचीही भर पडते. त्यांची चित्रे ‘इतर’ या सदराखाली दाराच्या मागच्या भिंतीवर लावतात, आणि दार प्रदर्शन संपेपर्यंत सताड उघडे असते. प्रस्तुत लेखकाच्या दोन चित्रांना याच भिंतीवर मानाचे स्थान मिळत आले आहे. ती चित्रेही समुद्राचीच आहेत.

दालनासंबंधी फार लिहिण्यासारखे नाही. मुंबईचे जहांगीर कलादालन १९५२ साली उघडले आणि तिथली तारीख मिळण्यासाठी कलावंतांना काही वर्षे रांगेत राहावे लागते. दौंड-शिरूरला सभागृह लगेच मिळते, फक्त त्या दिवशी लग्नतिथी नसावी. खिळा ठोकायला मनाई असल्याने चित्रे सुतळीवर चिमट्यांनी टांगतात. पंखा लावला की सगळे समुद्र एकदम खवळतात, बंद केला की प्रेक्षक खवळतात. टांगलेली फ्रेम सरळ आहे का हे चारपाच जण लांबून पाहून सांगतात आणि प्रत्येकाची सरळ वेगळी असते.

प्रदर्शनाचा गाभा मात्र उद्घाटन हाच आहे. निमंत्रणपत्रिकेवर वेळ दहाची असते, म्हणजे खुर्च्या दहाला येतात. शिरूरला प्रमुख पाहुणे पुण्याहून नगर रस्त्याने यायचे असतात.

“साहेब कुठवर आले?”

“वाघोलीत आहेत.”

अर्ध्या तासाने पुन्हा फोन.

“आता कुठवर?”

“वाघोलीतच आहेत, पण पुढच्या चौकात.”

दौंडला रस्त्याऐवजी रेल्वे असल्याने अडचणीचे स्वरूप तांत्रिक होते. नगर-मनमाडकडच्या काही गाड्या दौंड जंक्शनात न शिरता गावाबाहेरच्या दौंड कॉर्ड लाईन स्थानकावर थांबून परस्पर निघून जातात. पाहुणे तिथे उतरतात, स्वागत समिती हार घेऊन जंक्शनवर असते, आणि फोनवर दोन्ही बाजू आपण दौंड स्टेशनातच असल्याचे शपथेवर सांगतात. शेवटी हार मोटारसायकलवर बसून पाहुण्यांकडे जातो आणि तिघे मिळून परत येतात: चालवणारा, पाहुणे आणि मध्ये हार.

पुढचा क्रम सर्वत्र सारखा आहे. फीत असते, कात्री नसते. समई पेटवायची तर पंखा बंद करावा लागतो. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ देऊन व्यासपीठावरच्या सर्वांचे सत्कार होतात. दालनात किनाऱ्याकडून खरोखर आलेली वस्तू एकच असते, ती म्हणजे हा नारळ. मग सूत्रसंचालक चुकून राहिलेल्या एका नावाबद्दल माफी मागतात आणि त्या गडबडीत दुसरे नाव राहते. प्रमुख पाहुणे ‘मला चित्रकलेतलं काही कळत नाही’ या वाक्याने सुरुवात करतात आणि ते पाऊण तास सिद्ध करतात. त्यांच्या भाषणात त्यांचे बालपण येते, हाताच्या पंज्यावर छडी मारणारे ड्रॉइंगचे गुरुजी येतात, पर्यावरण येते, उसाचा दर येतो. चित्रे येत नाहीत. आभारप्रदर्शन ‘वेळेअभावी थोडक्यात’ असते, म्हणून वीस मिनिटांत आटोपते.

त्यानंतर पाहुणे दोन मिनिटांत दालनाला एक फेरी मारतात आणि छायाचित्रकाराने आधीच हेरून ठेवलेल्या सर्वांत मोठ्या समुद्रापुढे उभे राहतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना अकरा माणसे मावतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो फोटो ‘चित्रांची पाहणी करताना मान्यवर’ या ओळीसह छापून येतो. त्यात मान्यवर पूर्ण दिसतात आणि नारळाच्या झाडाचा शेंडा एकाच्या टोपीतून उगवलेला दिसतो.

पाहुणे गेल्यावर खरे प्रेक्षक येतात. त्यांच्याजवळ स्तुतीचे परिमाण एकच: ‘अगदी फोटोसारखं आलंय.’ फोटोचे प्रदर्शन असले तर हेच लोक ‘अगदी चित्रासारखं आलंय’ म्हणतात. खरोखर हाताने काढले आहे याची खात्री करून घेण्यासाठी चित्रावरून बोट फिरवले जाते आणि ते बोट मग शेजारच्या चित्राला पुसले जाते. शाळेची मुले रांगेत आत येतात, रांगेतच बाहेर पडतात आणि मधल्या वेळात पुढच्याच्या मानेकडे पाहतात. दाराशी अभिप्रायाची वही ठेवलेली असते. तीत ‘छान’, ‘खूप छान’, ‘अतिशय छान’ असा चढता क्रम लागतो. मध्येच कोणा निवृत्त शिक्षकांनी वरच्या चार अभिप्रायांतले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने दुरुस्त केलेले असतात. आणि चौथ्या पानावर ‘चौफुल्यापासून पाच मिनिटांवर एनए प्लॉट, बँक कर्जाची सोय’ असा एक सविस्तर अभिप्राय मोबाइल नंबरासह आढळतो. तो पाहून वही नीट चाळणारांची संख्या वाढते.

विक्री हा भाग नाजूक आहे. किंमत विचारणारे पुष्कळ असतात.

“हे केवढ्याला?”

“चार हजार.”

“फ्रेमसकट?”

“हो.”

“आणि नुसती फ्रेम?”

खरा गिऱ्हाईक ओळखू येतो तो खिशातल्या मोजपट्टीवरून. त्याने नवा बंगला बांधलेला असतो, सोफ्याच्या वरची जागा मोजून आणलेली असते आणि समुद्र डावीकडून सहा इंच कापून मिळेल का, असे तो सरळ विचारतो. होडी राहिली पाहिजे, नारळ गेला तरी चालेल. पडदे मोरपंखी असल्याने पाण्याचा रंग थोडा तिकडे झुकवता आला तर बघा. एवढे ठरून पैसे काढण्याची वेळ येते, तेव्हा बरोबरच्या बाईंना आठवते की वास्तुवाल्यांनी काहीतरी सांगितले होते.

“हा सूर्य उगवतोय का मावळतोय?”

चित्रकार क्षणभर सूर्याकडे पाहतो.

“मावळता असला तर नको बाई घरात.”

“उगवतोय,” चित्रकार सांगतो. “पहाटेचं आहे हे. बघा ना, होडीसुद्धा आत्ता निघालीय.”

व्यवहार होतो. अशा रीतीने अरबी समुद्राचा उभ्या उभ्या बंगालचा उपसागर बनतो, आणि दौंडच्या भिंतीवरचे ते चित्र नद्यांच्या नकाशाशी पहिल्यांदाच जुळते.

समारोपाच्या दिवशी बक्षिसे वाटली जातात. उत्तेजनार्थ बक्षिसांची संख्या सहभागी पालकांच्या तक्रारीनंतर ठरत असल्याने यादी ऐनवेळी वाढते. न विकली गेलेली चित्रे चित्रकारांनी त्याच संध्याकाळी न्यावीत असा नियम आहे, कारण सभागृह दुसऱ्या दिवशी साखरपुड्याला दिलेले असते. मोठ्या फ्रेमा रिक्षात मावत नाहीत आणि मोटारसायकलवर मागे बसलेल्याने आडवा समुद्र धरला की समोरच्या वाऱ्याने गाडी नदीकडे ओढली जाते.

उरतो हिशेब. सर्वांत मोठा खर्च फ्लेक्सचा निघतो. दहा बाय वीसच्या त्या फ्लेक्सवर पाहुणे, अध्यक्ष, उपाध्यक्ष, सौजन्य, शुभेच्छुक आणि त्यांच्या मागे फिकट असा एक समुद्र असतो. त्याखालोखाल चहा-नाश्ता, हारतुरे, मंडप आणि ध्वनिवर्धक. रंग, कागद, फ्रेमा हा खर्च ज्याचा त्याने केलेला असल्याने हिशेबात येत नाही. फ्लेक्स वाया जात नाही. समितीतला कोणीतरी तो घडी घालून नेतो आणि कांद्याच्या ढिगावर अंथरतो. चार कोपऱ्यांवर दगड ठेवले की तो पावसाळ्यापर्यंत टिकतो. पुढच्या वर्षी नवा करावाच लागतो, कारण पाहुणे बदललेले असतात. चित्रे तीच चालतात.